बायांनो-काकूंचं हसणं

माझ्या मोठ्या जाऊबाई हसल्या की मला माझ्या शेडमध्ये कळायचं. मध्ये चाळीस पावलांचं अंगण, पाण्याची टाकी, खाद्याचं गोदाम, तरीही कळायचं! आधी एक बारीकशी "हिक्", मग क्षणभर काहीच नाही, आणि मग जे सुटायचं ते सुटायचं. मी हातातलं दाताळं टाकून, काय झालं काय झालं करत त्यांच्या दाराशी पळायचे. झालेलं काहीच नसायचं. एखादी तलंग त्यांच्या चपलेवर डोकं ठेवून झोपलेली असायची, एवढंच.

तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. आमच्या फार्मवर एक दिवसाची पिल्लं येतात आणि सोळा आठवड्यांनी मोठ्या तलंगा होऊन दुसरीकडे जातात. म्हणजे आम्ही त्यांना लहानाच्या मोठ्या करायच्या, आणि अंडी बघायची दुसऱ्यांनी. एका शेडमध्ये दोन हजार. पहिली शेड जाऊबाईंची, दुसरी माझी. तिसरी बांधायची असं मालक गेली पाच वर्षं म्हणतायत, म्हणोत बापडे.

आता तुम्ही म्हणाल, कोंबड्या सांभाळायच्या त्यात काय एवढं? मग ऐकाच. तलंगेइतका भित्रा जीव मी दुसरा बघितला नाही. दार अचानक उघडलं, बादली पडली, की दोन हजारच्या दोन हजार एकाच कोपऱ्याकडे धावतात आणि एकमेकींच्या अंगावर चढतात. वरच्या वाचतात. खालच्यांचा श्वास कोंडतो आणि त्या तिथेच मरतात. याला आम्ही ढीग लागणं म्हणतो आणि सकाळच्या वेळी तो शब्द कुणी तोंडातूनसुद्धा काढत नाही.

म्हणून शेडमध्ये शिरायचीही एक रीत असते. जाऊबाईंची रीत अशी: बोटांच्या पेरांनी दारावर तीनदा टकटक, मग हाक, "आले गं बायांनो, आले!", मग तीन श्वास थांबायचं आणि मगच दार. आतून कुरकुर ऐकू आली की समजायचं, बायांनी परवानगी दिली. बावीस वर्षांत एक दिवस त्यांनी ही हाक चुकवली नाही. त्यावरून मालकांपासून खाद्याच्या ट्रकच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे त्यांना बायांनो-काकू म्हणतात. मोठे भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचा नवरा, ते तर घरात शिरतानाही दारावर तीनदा टकटक करतात आणि "आलो गं बाई, आलो!" म्हणतात. यावर जाऊबाई लाटणं उगारायच्या आणि मग हसायच्या. असं रोज संध्याकाळी.

तर हे हसणं बंद झालं.

एका दिवसात नाही झालं. आधी त्या कमी हसायला लागल्या, मग तोंड मिटून हसायला लागल्या, मग नुसतं नाकातून "हं" करायला लागल्या. आणि मी काय केलं असेल? मी रुसले! मला वाटलं त्या माझ्यावर रागावल्यात. त्यांचा झाकणाचा मोठा डबा मी आणला होता, त्याचं झाकण माझ्याकडून हरवलं होतं. ते मी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, त्यांना कळलं. दोन आठवडे मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. त्याही माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! एका झाकणासाठी एवढं?

शेवटी मीच हार मानली. दुपारी टाकीच्या सावलीत चहा पिताना मी त्यांना लस टोचणाऱ्याची नक्कल करून दाखवली. तो कसा सुई घेऊन येतो, एक तलंग कशी त्याच्या टोपीत बसते आणि हा टोपी घालूनच कसा टोपी शोधतो. ही नक्कल कधी फुकट गेलेली नाही. जाऊबाईंनी ओठ घट्ट मिटले. चेहरा लाल झाला. मग "हिक्" आलं आणि त्यापाठोपाठ खोकला! असा खोकला की त्या टाकीला धरून वाकल्या. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. डोळ्यांतून पाणी. एक उबळ संपते तोच दुसरी. मी पाठ चोळत राहिले. थांबल्यावर त्या जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "धाकटे, मला हसवू नकोस गं. हसलं की असं होतं."

"कधीपासून?"

"झाले तीन-चार महिने."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"आधी वाटलं, आपोआप जाईल. मग तू बोलत कुठे होतीस माझ्याशी? रुसली होतीस ना. मला वाटलं झाकणाचं मी काही बोलले की काय."

म्हणजे झाकणाचं त्यांना ठाऊक होतंच. मला इतकी लाज वाटली, आणि इतका राग आला, माझाच! दोन आठवडे ही बाई श्वासासाठी झगडत होती आणि मी झाकणाचा हिशोब करत बसले होते. त्याच दिवशी संध्याकाळी मी त्यांना अक्षरशः ओढत दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि फटाफट प्रश्न विचारत होत्या. खोकला कधी वाढतो? कामावर. कमी कधी होतो? बहिणीकडे चार दिवस गेले होते तेव्हा आलाच नाही. काम काय? ते सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि एक प्लॅस्टिकची नळी काढली. तिला काटा होता आणि आकडे होते. मोठा श्वास घ्यायचा आणि एकदम फुंकायचं. काटा जिथे थांबेल तेवढी तुमच्या छातीची ताकद. जाऊबाईंनी जीव खाऊन फुंकलं. एकशे नव्वद. परत फुंकलं. एकशे ऐंशी.

"तुमच्या वयाच्या आणि उंचीच्या बाईचा काटा साडेतीनशेच्या आसपास हवा, काकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तुम्ही पण फुंका." माझा तीनशे आला. मी मनातून जरा फुशारले, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही दहा वर्षांनी लहान आहात. तुमचाही जास्त यायला हवा होता." झाली माझी फुशारकी.

दोन दिवसांनी त्या स्वतः फार्म बघायला आल्या. असा डॉक्टर मी आधी पाहिला नव्हता. जाऊबाईंनी टकटक केली, हाक दिली, दार उघडलं, आणि डॉक्टरीणबाई दारातच डोळे चोळत मागे फिरल्या.

"वास येत नाही तुम्हाला?"

आम्ही दोघींनी एकदमच विचारलं, "कसला वास?"

खरंच सांगते, आम्हाला येत नव्हता. आमच्या नाकांनी कळवणंच सोडून दिलं होतं. शेडमध्ये जमिनीवर लाकडाच्या भुशाचा जाड थर असतो, त्याला आम्ही गादी म्हणतो. दोन हजार पक्षी त्यावरच खातात, झोपतात आणि बाकीचंही तिथेच करतात. पाण्याची भांडी गळली की गादी ओली होते आणि तिच्यातून अमोनिया सुटतो, डोळ्यांत आणि छातीत जाणारा. गादी कोरडी ठेवावी तर धूळ. खाद्याची भुकटी, पिसांचा कोंडा, वाळलेली विष्ठा, सगळं बारीक होऊन हवेत. रोज दाताळ्याने ती गादी खालीवर करायची. खिडकीतून उन्हाचा पट्टा आला की त्यात ही धूळ तरंगताना दिसायची आणि आम्ही म्हणायचो, काय छान दिसतंय! बावीस वर्षं जाऊबाईंनी तो छान पट्टा आत ओढला होता.

डॉक्टरीणबाईंनी मालकांना तिथेच उभं केलं. "कामामुळे झालेला दमा आहे. पंप मी देते आहे, पण नुसत्या पंपाने भागणार नाही. पाण्याची भांडी दुरुस्त करा, पडदे जास्त वेळ उघडे ठेवा. आणि या दोघी मास्कशिवाय आत जाणार नाहीत. साधा कापडी नाही. धूळ आणि अमोनिया दोन्ही अडवणारा." मग जाऊबाईंकडे वळून, "काकू, गेलेलं सगळं परत येईलच असं मी म्हणत नाही. पण असंच चालू राहिलं तर वर्षभराने माझ्याकडे चालत यायलाही श्वास पुरणार नाही. मास्क नसेल तर शेड नाही."

मालक माणूस वाईट नाही, फक्त सावकाश आहे. पण या वेळी चार दिवसांत मास्क आणले. रबराचे, आणि दोन्ही गालांवर दोन गोल डबे. जाऊबाईंनी चढवला. भाऊजी म्हणाले, "छान दिसतेस. आता माझ्याशी भांडलीस तरी मला ऐकू येणार नाही." सगळे हसले. जाऊबाई डोळ्यांनी हसल्या.

आणि मग ते झालं.

तेव्हा जाऊबाईंच्या तलंगा अकरा आठवड्यांच्या होत्या. त्यांनी तीनदा टकटक केली. हाक दिली, पण रबरातून ती "हूं हूं हूं, हूं" अशी काहीतरी बाहेर आली. तीन श्वास थांबून त्यांनी दार उघडलं. मी मागेच होते. दारातल्या जवळच्या तलंगांनी वर बघितलं. अकरा आठवडे जिच्या अंगावर उड्या मारल्या, तिच्या चेहऱ्याच्या जागी दोन डब्यांचं काळं थोबाड! एक किंकाळी उठली आणि आख्खी शेड उठली. चार हजार पंख एकदम. समोरचं काही दिसेना इतकी धूळ. सगळ्या पलीकडच्या कोपऱ्यात.

जाऊबाईंनी मास्क ओरबाडून काढला, फेकला आणि धावल्या. "बायांनो! अगं मी आहे! मीच आहे गं!" त्या ओरडत होत्या, खोकत होत्या आणि दोन्ही हातांनी वरच्या तलंगा उचलून मागे टाकत होत्या. मीही धावले. पाच मिनिटांत सगळं निवळलं. पण तळाशी चौदा मेलेल्या निघाल्या. जाऊबाईंनी त्या ओळीने दाराशी ठेवल्या आणि पायरीवर बसल्या. त्यांचा श्वास शिट्टी वाजवत होता. पंप मी त्यांच्या तोंडात धरला.

"बावीस वर्षांत माझ्या हातून ढीग लागला नव्हता," त्या म्हणाल्या. "तो मास्क माझ्या पोरींच्या जिवावर उठलाय. मी नाही घालणार."

"मग शेड सोडा."

"ते तर मुळीच नाही."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते—"

"तिला कळवायचं नाही." आणि माझ्याकडे असं बघितलं की मी मूग गिळून गप्प बसले. मालकांनी दोन्ही मास्क गोदामातल्या खिळ्याला अडकवले. सगळ्यांनीच मान्य करून टाकलं: कोंबड्यांना मास्क चालत नाही. विषय संपला. मीही मान्य केलं, याचा मला अजून राग येतो.

पुढचे पाच आठवडे पडदे उघडे राहिले, भांडी दुरुस्त झाली, पंप चालू होता. त्याने थोडा फरक पडला, काटा दोनशे दहावर आला. पण रोज दुपारी मला पहिल्या शेडमधून खोकला ऐकू यायचा. पूर्वी हसणं जिथून यायचं तिथूनच. मला माझ्या कोंबड्यांकडे बघवत नव्हतं.

मग ती बॅच गेली आणि शेड रिकामी झाली. जुनी गादी खरवडून काढायची, भिंतींना चुना मारायचा. वर्षातलं सगळ्यात धुळीचं काम हेच. मी जाऊबाईंना सांगितलं, तुम्ही दाराच्या आत पाऊल टाकलंत तर मी भाऊजींना सांगेन की त्यांच्या दाढीच्या ब्रशने तुम्ही स्टोव्ह घासता. त्या बाहेर थांबल्या. मी आणि भाऊजींनी खिळ्यावरचे मास्क काढून चढवले. रिकाम्या शेडमध्ये घाबरवायचं कुणाला? तीन दिवस आम्ही खरवडत होतो. चौथ्या सकाळी मी उठले, आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय बरं? घसा! रोज सकाळी उठून मी दहा मिनिटं घसा खरवडायचे. नवरा त्यालाच गजर म्हणायचा. त्या दिवशी घसा मोकळा होता. नवऱ्याला उठायला उशीर झाला, हे माझ्या माथी!

आता खरी गंमत पुढे आहे. माझ्या शेडमधल्या तलंगा तेव्हा नऊ आठवड्यांच्या होत्या. पिल्लं आली त्या दिवसापासून मी नवऱ्याचा एक जुना हिरवा शर्ट घालून आत जात असे, फाटक्या खिशाचा. मुद्दाम नाही, मळला तरी चालतो म्हणून. त्या सकाळी तो चुन्याने माखलेला, म्हणून धुऊन दोरीवर टाकला आणि पांढरा सदरा घालून शेडवर गेले. टकटक केली, दार उघडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या पळाल्या! माझ्या तलंगा, माझ्यापासून! मी होते तिथेच थिजले. पाऊलसुद्धा उचललं नाही. हळूच मागे सरकले आणि दार लावलं. खिडकीच्या जाळीतून बघितलं तर कोपऱ्यात दाटी झाली होती, पण ढीग लागला नव्हता.

माझा चेहरा तोच होता. मास्क नव्हता. टकटक तीच. मग काय बदललं?

मी घराकडे धावले, दोरीवरचा ओला शर्ट ओढला, तसाच निथळता अंगात चढवला, परत आले. टकटक. दार. आणि त्या आल्या! माझ्या पायांत, चपलांवर, खिशाच्या फाटक्या टोकाला चोची मारत. मी त्यांच्यात उभी राहून गारठत होते आणि डोक्यात उजेड पडत होता. यांना मास्कची भीती नाहीच मुळी! यांना भीती आहे ती आज वेगळं दिसण्याची. जे रूप पहिल्या दिवशी बघितलं तेच यांचं माणूस. मग पहिल्याच दिवशी मास्क दिसला तर?

मी इतक्या जोरात धावले की एक चप्पल टाकीपाशीच राहिली. "जाऊबाई! ओ जाऊबाई!" त्या भांडी घासत होत्या. मला बघून घाबरल्या, ओला शर्ट, एक चप्पल. "अगं, कोण बुडालं?"

"कुणी नाही! पिल्लं! परवा येणारी पिल्लं! त्यांना तुमचं तोंड दाखवूच नका!"

नीट सांगायला मला दोनदा सुरुवात करावी लागली. जाऊबाई ऐकत होत्या. त्यांनी हात पुसले. मग म्हणाल्या, "आणि परत चौदा मेल्या तर?"

"नाही मरणार."

"तुझ्या एका शर्टावरून मी दोन हजार पोरी पणाला लावू?"

"मग तुमचा श्वास पणाला लावा," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, आणि मला रडूही येत होतं. "मला तुमच्या कोंबड्या नकोत. मला तुम्ही हसायला हव्यात. बस्स."

त्या उठल्या. गोदामात गेल्या, खिळ्यावरचा मास्क काढला, आणि नळाखाली धुवायला लागल्या.

मालकांनी आधी मान हलवली, मग खाजवली, मग डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांचा आवाज फोनबाहेर आम्हाला ऐकू येत होता: "अहो, मग वाट कसली बघताय!"

पिल्लं आली ती सकाळ मी विसरणार नाही. खोक्यांमधून चिवचिव, दिव्यांखाली ऊब, खाली नवी कोरी गादी. जाऊबाई मास्क लावून मांडी घालून बसल्या. एकेक पिल्लू उचलायचं, चोच पाण्यात बुडवायची, खाली सोडायचं. प्रत्येक पिल्लाने जगात पहिल्यांदा जे थोबाड बघितलं ते दोन डब्यांचं. आणि एकही घाबरलं नाही! त्यांना काय माहीत, माणसाला डबे नसतात म्हणून? दोन दिवसांत ती त्या डब्यांवर चढून बसायला लागली.

हाकेचा प्रश्न उरला होता. मास्कमधून "आले गं बायांनो" बाहेर येत नव्हतं. जाऊबाईंनी चमचा घेतला आणि खाद्याच्या पत्र्याच्या थाळीवर तीनदा वाजवला, आणि मागोमाग आपलं "हूं हूं हूं, हूं". शब्द गेले होते, चाल तीच होती. आठवड्याभरात त्या हुंकारावर दोन हजार पिल्लं धावत यायला लागली. मालकांनी हुकूम काढला, पहिल्या शेडमध्ये कुणीही मास्कशिवाय जायचं नाही. लस टोचणाऱ्यालाही मास्क. त्याची टोपी काढून घेतली, ते मात्र मला आवडलं नाही.

काटा चढायला लागला! तिसऱ्या आठवड्यात दोनशे चाळीस. सहाव्यात दोनशे सत्तर. मी तो आकडा येईल त्याला सांगत सुटले होते. खाद्याच्या ट्रकच्या ड्रायव्हरला काही कळत नव्हतं, तरी तो "अरे वा" म्हणायचा. भाऊजी बिचारे रोज संध्याकाळी दारावर टकटक करून वाट बघायचे. जाऊबाई अजून हसत नव्हत्या. सवय मोडली होती. हसू आलं की त्यांचा हात आपोआप छातीवर जायचा आणि ओठ मिटायचे.

आणि नवव्या आठवड्यात, ज्याने हुकूम काढला त्यानेच तो मोडला! मालक फोनवर बोलत बोलत आले आणि टकटक नाही, मास्क नाही, सरळ दार उघडून आत डोकं घातलं. मी खिडकीच्या जाळीबाहेर पडदा गुंडाळत होते. मी बघितलं. पहिली किंकाळी. पंख. सगळ्या कोपऱ्याकडे. मालकांचा फोन हातातून पडला आणि ते स्वतःच दाराशी थिजले. जाऊबाई शेडच्या मधोमध होत्या. त्यांचा हात मास्कच्या पट्ट्याकडे गेला.

मी जाळी घट्ट धरली. ओरडावं तर तलंगा आणखी भेदरतील. मनातल्या मनात ओरडत होते, काढू नका, काढू नका, जाऊबाई, काढू नका! बावीस वर्षांची सवय होती ती. ढीग लागायला लागला की चेहरा दाखवायचा, हाक मारायची. पट्टा अर्धा वर आला. आणि थांबला. हात खाली आला, थाळी उचलली. टण्, टण्, टण्. "हूं हूं हूं, हूं!" परत. आणि परत. कोपऱ्यातल्या कडेच्या चार जणींनी माना वळवल्या. मग दहा. मग ती सगळी दाटी सैल झाली, आणि त्या डब्यांच्या थोबाडाकडे, त्या हुंकाराकडे, धावत सुटल्या. जाऊबाईंच्या पायांपाशी आता जमीन दिसत नव्हती.

एकही मेली नाही. एकही! माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच अंगणात नाचले. मालकांनी दार हळूच लावलं आणि त्या दिवसापासून ते स्वतःच्या घरातही दार वाजवून शिरतात असं त्यांची बायको सांगते.

सोळावा आठवडा आला. काटा तीनशे दहावर होता, आणि नव्या बॅचपासून मीही मास्क लावायला लागले होते, तर माझा तीनशे साठ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंप सोडायचा नाही, मास्क सोडायचा नाही, पण मी खूश आहे. बॅच न्यायला ट्रक यायचा होता त्या दिवशी सकाळी जाऊबाई माझ्याकडे आल्या.

"धाकटे, मनात एक आहे. चार महिने या पोरींनी माझं तोंड नाही बघितलं. जाताना तरी बघू देत."

"तुम्हाला वेड लागलंय का? ढीग लागेल!"

"आत नाही जात. जाळीबाहेरून. लांबून."

त्यांच्या डोळ्यांकडे बघून मला नाही म्हणवेना. आम्ही खिडकीशी गेलो, चांगल्या चार पावलांवर. मी खिशातला पंप काढून हातात तयार ठेवला. जाऊबाईंनी मास्क काढला. पट्ट्यांचे वळ गालांवर उमटलेले. केस सारखे केले, जसं काही फोटोच काढायचा होता. मग बेताने, पण सगळे शब्द सुटे करून म्हणाल्या, "आले गं बायांनो, आले!"

जाळीलगतच्या वीस-पंचवीस तलंगांनी माना वर केल्या. एक डोळा फिरवून बघितलं. दुसरा डोळा फिरवून बघितलं. आणि त्यातली एक ठसक्यात "कॉक्" करून पाठ फिरवून चालती झाली. तिच्यामागे बाकीच्या. ही कोण आणि कुठली, असा भाव.

"अगं बाई," जाऊबाई म्हणाल्या, "मी वाढवल्या, आणि मलाच..."

"हिक्."

मी पंपाचं झाकण काढलं. क्षणभर काहीच नाही. आणि मग ते सुटलं! जाऊबाई हसल्या. तोंड उघडं टाकून, मान मागे टाकून, पोट धरून हसल्या. कोंबडीकडे बोट दाखवून हसल्या, माझ्या खांद्यावर पडून हसल्या. मी ताठ उभी, खोकल्याची वाट बघत. आता येईल. आता येईल. टाकीपलीकडून भाऊजी हातातली बादली टाकून पळत आले. काय झालं, काय झालं? काहीच झालं नव्हतं. त्या अजून हसत होत्या.

मी पंपाला झाकण लावलं आणि खिशात टाकला.